पितरांच्या घराचा वळसा

इंजिनियर तियाना या खेपेला जीपमधून न येता स्वतःच्या मोटारसायकलवरून आला, तेव्हाच राहेलीनं ताडलं की काहीतरी बिनसलं आहे. एरवी जीप नदीपाशी थांबायची आणि तो चार माणसं बरोबर घेऊन, हातात नकाशाची गुंडाळी घेऊन डोंगर चढून यायचा. आज एकटाच होता. नकाशाही नव्हता.

भाताची कापणी नुकतीच उरकली होती. प्रॉस्पेर मास्तरांच्या अंगणात माणसं जमली. मास्तर शाळा सांभाळून गावच्या पाणी समितीचंही बघत. तियानानं उभ्या उभ्याच सांगितलं. राजधानीत, ताना शहरात, जानेवारीत दुकानं जळाली, मार्चमध्ये अध्यक्ष गेले आणि दुसरे बसले, हे सगळ्यांनी रेडिओवर ऐकलंच होतं. आता परदेशी सरकारांनी कळवलं आहे, की जो मतं न घेता बसला त्याच्या देशाला मदत द्यायची नाही. त्यामुळे गावात नळ आणणारी संस्था ऑफिस बंद करते आहे. पाइपांची दुसरी लॉरी येणार होती ती येणार नाही. त्याचीही नोकरी महिनाअखेरपर्यंतच आहे.

राहेलीचा धाकटा दीर रामारु ओट्यावर बसला होता. घरातला आता तोच वडीलधारा. तो म्हणाला, "खुर्चीवर बसला ताना शहरातला माणूस, आणि नळ बंद झाला आमचा?"

"बंद कुठं झाला काका," तियाना म्हणाला, "अजून सुरूच झाला नव्हता."

मागून कुणीतरी म्हणालं, की आम्हीसुद्धा त्या नव्या माणसाला मत दिलेलं नाही, एवढं त्या परदेशी लोकांना कळवा. थोडं हसू झालं. तियाना हसला नाही. त्यानं शेवटची गोष्ट सांगितली. जे पाइप जमिनीत गेले आहेत ते गावाचे. जे अजून वर पडले आहेत ते संस्थेचे, ते परत गोदामात जमा करायचे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गोदामाचा माणूस हमाल घेऊन येईल.

"जमिनीत गेले ते गावाचे," प्रॉस्पेर मास्तरांनी हळू आवाजात पुन्हा म्हणून बघितलं. तियानानं त्यांच्याकडे बघत ते पुन्हा एकदा सांगितलं. पोरगा भला होता. ते वाक्य त्यानं मुद्दाम दोनदा उच्चारलं होतं.

वरच्या झऱ्यापासून निघालेला पाइप डोंगर उतरून पितरांच्या घरापर्यंत, म्हणजे घराण्याच्या दगडी थडग्यापर्यंत, पुरून झाला होता. तिथून पुढे गावापर्यंतचा चर खोदून तयार होता, पण रिकामा. मास्तरांच्या पडवीत काळ्या पाइपांची सात वेटोळी होती. चराला लागत होती अकरा.

आणि सरळ रेषेत आणला असता, तर सातच लागली असती.

 अंगणातून उठताना दोघातिघांची नजर राहेलीकडे वळली आणि लगेच दुसरीकडे गेली. तिनं ते पाहिलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिला दूरचं नीट दिसत नसलं, तरी अशी नजर दिसायला डोळे लागत नाहीत.

आदल्या वर्षी तियाना पहिल्यांदा आखणी करायला आला, तेव्हा त्यानं पितरांच्या घराकडे सरळ बोट दाखवून विचारलं होतं, की या दगडी घराच्या पूर्वेकडून पाइप नेला तर? बायकांनी तोंडावर हात ठेवले होते. शहरात वाढलेला मुलगा, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, की तिकडे दाखवायचं तर बोट मुडपून दाखवायचं. राहेलीनं त्याचं बोट धरून मुडपलं आणि सांगितलं, "बाळा, तिथं नाही. पितरांचं घर आणि उगवतीचा कडा यांच्यामधे कुदळ मारणं आमच्या घराण्याला फादी आहे." फादी, म्हणजे पितरांची मनाई, म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं. तियानानं मान डोलावली आणि नकाशावर टेकडीला पूर्ण वळसा घालणारी रेघ ओढली. तेव्हा पाइपांना तोटा नव्हता. परदेशातून वाटेल तितके येणार होते.

आज मास्तरांच्या अंगणातून ती घरी आली तेव्हा नातसून बाकुली भातखाचरांच्या पाटातून पाण्याची बादली घेऊन येत होती. सहावा महिना लागला होता. पाणी नेहमीसारखंच, तळाशी गाळ आणि वर शेवाळाचा वास. बाकुली ते फडक्यानं गाळायची, उकळायचीही, पण सरपण काही दर वेळी मिळत नाही. तिचं पहिलं मूल अकरा महिन्यांचं होऊन हगवणीनं गेलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. ते आता पितरांच्या घरात होतं, राहेलीच्या नवऱ्याशेजारी.

"आजी, काय म्हणाला तो?" बाकुलीनं विचारलं.

राहेलीनं सांगितलं. बाकुलीनं बादली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवून पाठ ताणली. "म्हणजे हेच पाणी," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली. ती रडली असती, भांडली असती, तर राहेलीला बरं वाटलं असतं.

कारण त्या फादीबद्दल राहेलीला एक गोष्ट ठाऊक होती, जी गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. सासू आधीच गेलेली, घरात सासरे, दोन मोठे दीर आणि हा रामारु, जेमतेम नऊ वर्षांचा, डोक्यात उवा झालेला. पाच वर्षांनी सासरे अंथरुणाला खिळले. त्यांना चमच्यानं भाताच्या खरवडीचं गरम पाणी पाजायचं काम तिचं. तेव्हा म्हातारा बोलायचा. एका दुपारी त्यांनी सांगितलं, की त्यांच्या तरुणपणी फ्रेंच साहेबाला डोंगरातून रस्ता काढायचा होता. घरटी एक माणूस सक्तीनं खोदकामाला नेत. शेजारच्या गावचे नऊ जण परत आलेच नाहीत. आखलेली रेघ पितरांच्या घराच्या पूर्वेकडून जात होती, कारण एकीकडे घर, दुसरीकडे कडा, मधे तेवढीच सपाट पट्टी. तेव्हा त्यांनी मुकादमाला जाऊन सांगितलं, की इथं कुदळ मारणं फादी आहे, आमच्या पणजोबांपासून. मुकादम आपलाच माणूस होता. तो घाबरला, मजूर त्याहून घाबरले, त्यांनी कुदळी टाकल्या. साहेबानं आठ दिवस आरडाओरडा केला आणि रस्ता पलीकडच्या डोंगरावर नेला.

"पणजोबांनी काय सांगितलं होतं?" तिनं विचारलं होतं.

"काही नाही," सासरे म्हणाले होते. "ते मी सकाळी तोंड धुताना ठरवलं." आणि हसताना त्यांना ठसका लागला होता. मग म्हणाले, "मुलांना सांगू नकोस. त्यांना धाक असलेला बरा."

तिनं सांगितलं नाही. मुलांना नाही, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. गावाला आजतागायत रस्ता आला नाही, तो त्या सकाळच्या तोंड धुण्यामुळे. आणि पन्नास वर्षं न बोललेली गोष्ट हळूहळू अशी होते, की आपण ती ऐकली होती हेही माणूस विसरतो. तियानाचं बोट मुडपताना तिला ती आठवली होती का? होती. पण परक्या पोरासमोर सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं? पाइपही भरपूर होते. वळसा तर वळसा.

दोन दिवस तिनं ती गोष्ट मनात घोळवली. तिसऱ्या दिवशी रामारुकडे गेली.

तो अंगणात भाताच्या पेंढ्या झोडत होता. तिनं त्याला थांबवलं नाही. शेजारी बसून सगळं सांगितलं, साहेब, मुकादम, तोंड धुणं, सगळं. रामारुचा हात मधेच थांबला.

"तुला सांगितलं," तो म्हणाला.

"हो."

"चार मुलगे होते त्यांना."

"मी पाणी पाजत होते रे. जवळ होते एवढंच."

"मी दाराबाहेर बसायचो, वहिनी. चौदा वर्षांचा होतो. रोज बसायचो. मला कधी आत बोलावलं नाही." त्यानं पुन्हा पेंढी उचलली, पण झोडली नाही. "आणि गेल्या वर्षी त्या इंजिनियरपुढे तू काय बोललीस?"

"खोटं बोलले."

"मग आता मला काय खरं-खोटं कळायचं? लोक म्हणतील, म्हातारीला पाणी हवंय, म्हणून रचलं."

ती म्हणाली, की लोकांनी तसं म्हटलं तरी चालेल. रामारुनं मान हलवली. त्याला तसं चालणार नव्हतं. दारच्या खुंटीला पितरांच्या घराच्या दाराची किल्ली टांगलेली होती, ती त्याच्या ताब्यात. त्या दारातून कुणी आत जायचं आणि कुणी नाही, हे तोच ठरवणार होता. राहेलीनं किल्लीकडे पाहिलं नाही, पण ती तिथं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. माणूस गरीब राहिला तरी चालतं, पण आपल्या माणसांच्या शेजारी जागा मिळाली नाही तर तो मेल्यावरही वाटेवरच उभा राहतो, असं गावात म्हणत.

रविवारी चर्च सुटल्यावर घराण्यातली सगळी मोठी माणसं रामारुच्या अंगणात बसली. प्रॉस्पेर मास्तरही आले. राहेलीला पुन्हा एकदा सांगावं लागलं. आपल्याच तोंडानं, सगळ्यांसमोर, की मी गेल्या वर्षी खोटं बोलले आणि त्यामुळे आज चार वेटोळी कमी पडताहेत.  तिचं बोलणं संपल्यावर प्रॉस्पेर मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि म्हणाले, "म्हणजे फादी नाहीच. उद्याच खोदू."

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात," रामारु म्हणाला, "म्हणून तुम्हाला सोपं वाटतं."

मग तो सावकाश बोलला. बोलायला तो चांगला होता, लग्नात, मर्तिकात त्यालाच बोलवायचे. पण त्या दिवशी त्यानं एकही म्हण वापरली नाही. तो म्हणाला, वडिलांनी ती फादी त्या दिवशी रचली, हे मी मान्य करतो. वहिनी असलं काही रचणार नाही, तिला तेवढं डोकं नाही. यावर बायका हसल्या आणि राहेलीही हसली. पण रचली तेव्हा ते जिवंत होते. आता ते कुठं आहेत?

बसलेल्यांनी डोंगराकडे पाहिलं.

"त्या दाराच्या आत आहेत," रामारु म्हणाला. "एकावन्न वर्षं झाली. जिवंत माणसाचं खोटं असेल, पण आता तो पितर आहे. पितराचा शब्द आपण खोटा म्हणून कसा मोडायचा? मोडायचा तर त्यालाच विचारून."

  राहेलीला आतून एकदम मोकळं वाटलं. इतके दिवस ती सासऱ्यांना खोटं पाडायला निघाली होती. आता फक्त विचारायचं होतं.

विचारणार कोण? ज्याच्या कानात सांगितलं त्यानं. पहिली कुदळ कुणी मारायची? त्यानंच. आणि पुढच्या कापणीपर्यंत गावावर काही संकट आलं, तर त्याचा दोष कुणाकडे? रामारुनं हे विचारताना तिच्याकडे बघितलं नाही.

"माझ्याकडे," राहेली म्हणाली.

"आणि तुझी जागा?"

"तुझ्याकडे किल्ली आहे. तू ठरव."

बाकुलीचा नवरा लांतु, राहेलीचा नातू, ताडकन उठला आणि म्हणाला, की आजीच्या जागेवर पैज लावून मला पाणी नको. राहेलीनं त्याला खाली बसवलं. "तुला नको असेल," ती म्हणाली. "तुझ्या बायकोला विचारलंस का?" तो बसला.

बुधवारी सकाळी ऊन वर आल्यावर सगळे डोंगरावर गेले. एक तांबडा कोंबडा आणि गावठी दारूची बाटली नेली होती. रामारुनं पितरांच्या घराच्या ईशान्य कोपऱ्याशी दारू ओतली आणि मागे सरला. राहेली पुढे झाली. चांगला लांबा पांघरला होता, अंगभर गुंडाळायची शालच ती, लग्नातली, कडेला विटलेली. ती सासऱ्यांशी तशीच बोलली, जशी चमचा हातात धरून बोलायची. बाबा, तुम्ही साहेबाला अडवलंत, बरं केलंत. माणसं वाचली. आता साहेब गेला. त्यानंतर आलेले परदेशी लोकही निघाले, अर्धं काम टाकून. आता अडवायला कुणी नाही नि काही आणून द्यायलाही कुणी नाही. पाइप आहेत सात वेटोळी. तुमच्या पणतवाचं मूल तुमच्याजवळ आहे, ते का आलं ते त्यालाच विचारा. वाट द्या.

तिला आणखी बोलायचं होतं, पण आठवेना. तिनं लांब दांड्याची कुदळ उचलली आणि पट्टीत मारली. जमीन कडक होती, कुदळ दोन बोटंच रुतली. दुसऱ्या घावाला लांतुनं हात लावला आणि मग सगळेच उतरले.

कुदळ मारायची नसते ते मंगळवार-गुरुवार सोडून अकरा दिवस खोदकाम चाललं. पट्टीतला आणि खालच्या उतारावरचा मिळून तीनशे पावलं नवा चर, पुढे जुनाच. तियाना दोनदा आला, आपल्या पेट्रोलनं. एकदा सांधे जोडायचं यंत्र घेऊन. ते यंत्र बहुधा त्यानं विचारून आणलं नसावं. आता तो पितरांच्या घराकडे दाखवताना बोट मुडपून दाखवायचा.

शेवटच्या शनिवारी गोदामाचा माणूस बारा हमाल घेऊन चढून आला. पडवी रिकामी होती.

"पाइप कुठायत?" त्यानं विचारलं.

"जमिनीत," प्रॉस्पेर मास्तर म्हणाले.

"माझ्या कागदावर तर चर अकरा वेटोळ्यांचा आहे. सातात कसा बसला?"

"पितरांनी जागा करून दिली."

त्या माणसानं मास्तरांकडे, मग जमलेल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. तोही डोंगरातलाच होता. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, सगळ्यांबरोबर भात जेवला, आणि त्याच्या हमालांनी जाताना रिकाम्या हातानं चाललो म्हणून थट्टा केली.

पितळी तोट्या दुसऱ्या लॉरीत येणार होत्या, त्यामुळे नळाला तोटी नव्हतीच. लांतुनं लाकडाचा दट्ट्या तासून बसवला. तो घट्ट बसला की काढायला दोन माणसं लागत आणि सैल झाला की अंगणात डबकं होई. पण पाणी स्वच्छ होतं, इतकं थंड की दात शिवशिवत. ऑगस्टमध्ये बाकुलीला मुलगी झाली. बाळंतिणीचं पाणी तापवताना राहेलीनं भांड्यात वाकून पाहिलं, तर तळ दिसत होता.

जानेवारीत गारा पडल्या. अर्धा तासच, पण लिंबाएवढ्या. सगळ्यात जास्त मार बसला तो रामारुच्या वरच्या तीन खाचरांना. भात नुकता पोटरीत आला होता, तो आडवा झाला.

 नळावर राहेली गेली की बायका तिची कळशी आधी भरून द्यायच्या आणि मग सगळ्याजणी आपापल्या बादल्यांकडे बघत उभ्या राहायच्या. लांतु तिच्या नजरेला नजर देईना. बाकुलीची आई नदीपलीकडच्या गावात राहायची. ती नातीला बघायला आली तेव्हा म्हणाली, की आमच्याकडे एक गार पडली नाही, ऊन होतं. राहेलीनं ते ऐकून घेतलं आणि लग्नातला लांबा काढून उन्हात घातला. मेल्यावर गुंडाळायला लागेल तो कुठंही, पितरांच्या या घरात नाही तर माहेरच्या. माहेरी आता ओळखीचं कोण उरलं होतं कुणास ठाऊक.

चौथ्या दिवशी दुपारी रामारु आला. दारात पायावर पाणी घेतलं, आत येऊन बसला. तिनं खरवडीचं पाणी दिलं. त्यानं फुंकून दोन घोट घेतले. मुलगी पाळण्यात होती, तिच्याकडे बघून म्हणाला, की हिचं कपाळ आमच्यासारखं आहे. मग घसा साफ केला.

"वहिनी, गारा नदीपलीकडेही पडल्या म्हणे. आपल्यापेक्षा जास्त. त्या लोकांनी कुठं कुदळ मारली होती?"

"मला काय विचारतोस?"

"विचारत नाही, सांगतोय. रविवारी सगळ्यांनाही तेच सांगणार आहे. आभाळाचं काम आहे, घराण्याशी संबंध नाही. तुझी जागा आहे तिथंच आहे, दादाच्या शेजारी." तो उजव्या हातानं कान खाजवत बोलत होता.

राहेली चुलीतलं लाकूड मागे ओढत बसली. रामारुनंच विचारलं, आवाज थोडा उतरवून, "बाबांनी तुला आणखी काही सांगितलं होतं? म्हणजे, माझ्याबद्दल?"

तिला वाटलं, काहीतरी गोड सांगावं. म्हाताऱ्याची फार माया होती, असं काहीतरी. मग तिनं खरं तेच सांगितलं.

"म्हणाले होते, रामारुला खोटं बोलता येत नाही. बोलायला लागला की कान खाजवतो."

त्याचा हात तिथल्या तिथं थांबला. मग त्यानं तो हळूच खाली घेतला आणि वाटीतलं उरलेलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. पाळण्यातली मुलगी कुरकुरली, बाकुली आतून आली, तिला उचलून घेऊन गेली.

"रविवारी," राहेली म्हणाली, "हात लांब्यात गुंडाळून बस."